भुरीचं शेपूट

वडवणी, बाजाराचा आदला दिवस

प्रिय वनमालाआक्का,

'प्रिय' लिहिलं खरं, पण त्या एका शब्दापायी दोन कागद फाडले. खोटं कशाला बोलू? या घरात येऊन मला तीन वर्षं झाली आणि तीन वर्षं मी तुझ्यावर जळते आहे. तुला कधी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. मी बबिता, त्रिंबकरावांची दुसरी बायको. 'हे' म्हणावं तर ते नऊ वर्षं तुझेही 'हे' होते, म्हणून सरळ नावच घेते. तू माझ्यापेक्षा उंच असणार, कारण स्वयंपाकघरातली फळी तुझ्या हाताच्या मापाची आहे. मिठाची बरणी काढताना मी रोज टाचा उचलते आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडते. मदिनाबी उद्या इथला बाजार करून परवा बांगड्यांची टोपली घेऊन धारूरला येईल, तिच्याच हाती हे पत्र देतेय. फोन केला असता, पण माझा आवाज लगेच चढतो, आणि हे काही चढ्या आवाजात सांगायचं नाही.

भुरी मजेत आहे. आधी हेच लिहायला हवं होतं. मदिनाबी दर बाजाराला तुझा तेवढा एकच सवाल घेऊन येते, भुरी बरी हाय का. घर कसं आहे, गिरणी चालते का, नवी बाई कशी आहे, काही म्हणून तू विचारत नाहीस. मी दात आवळून सांगते, मजेत आहे म्हणावं. पण एक गोष्ट तुला कधी कळवली नाही. माझा बाप मेंढरंवाला, आमच्या दारात कायम तीन कुत्री. शेपूट हललं की जीव खूश, एवढंच आम्हाला ठाऊक. लग्न होऊन आले त्या दिवशी भुरी गिरणीच्या ओट्यावर बसून माझ्याकडे रोखून बघत होती आणि शेपूट या बाजूनं त्या बाजूला सपासप हाणत होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दळण न्यायला आलेल्या बायांना मी मिरवून सांगितलं, बघा, पहिलीच्या मांजरानंसुद्धा मला आपलं म्हटलं. आणि उचलायला गेले. तिनं मनगटापासून कोपरापर्यंत असं ओरबाडलं की विचारू नकोस. अंगाची हळद अजून उतरली नव्हती, त्याच हातावर पुन्हा हळद दाबावी लागली. बाया इतक्या हसल्या की त्यांना पिठाचे डबे खाली ठेवावे लागले.

हळद लावता लावता त्रिंबकराव म्हणाले, अगं येडे, मांजर शेपूट हाणायला लागलं म्हणजे चिडलं, असं वनमाला म्हणायची. झालं! पहिल्याच दिवशी तुझं नाव माझ्या कानात पडलं ते आजतागायत पडतंच आहे. नुसतं टोक वळवळलं तर तिच्या मनात काहीतरी चाललंय, मध्ये पडू नये, वनमाला म्हणायची. पोटाखाली घेतलं तर भ्याली. उभं धरून टोकाला आकडा केला तर मैत्रीनं आली. आणि उभं शेपूट मुळापासून थरथरलं, तर समजायचं तिच्या जिवाचं माणूस दिसलं. गिरणीचा पट्टा फिरत असतानाही या माणसाची नजर भुरीच्या शेपटावर. मी तोंड फुगवून चार दिवस बसले तर पाचव्या दिवशी विचारतात, डोकं दुखतंय का गं? मला शेपूट नाही, हीच माझी चूक.

मी तिच्यासाठी काय नाही केलं, आक्का? दुधावरची साय घातली. सासूबाईंच्या गळ्यात माळ, तरी त्यांच्या नकळत सुकट आणून घातली. दोन वर्षांनी कुठे बाई माझ्याकडे शेपूट उभं करून यायला लागली, टोकाला आकडासुद्धा करते. पण थरथर नाही. थरथर फक्त मदिनाबीच्या टोपलीला. टोपली खाली टेकली रे टेकली की भुरी धावत येते, टोपलीखालच्या कापडी चुंबळीला अंग घासते आणि शेपूट असं थरथरतं की बघवत नाही. मला कोडंच पडलं होतं. मग एकदा मदिनाबीच बोलून गेली, ही चुंबळ वनमालानं शिवून दिलती ना, तिच्या हाताचा वास हाय त्याला. त्या दिवशी मी बांगड्या भरल्या नाहीत. आत जाऊन रडले. मांजरापायी रडले म्हणावं तर लोक हसतील, पण रडले.

बाकी घरातलं तुला काय सांगायचं? सासूबाईंची, दगडाबाईंची, जीभ तुझ्या ओळखीचीच आहे. आधी तुझ्या नावानं चालायची, आता माझ्या. भुरी यंदा पुन्हा गाभण राहिली तर ओसरीत बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, मांजर पाचांदा याली, अन् हिचं कावून काई न्हाई? मी बीडला जाऊन तपासून आले. माझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी येऊन सांगितलं तर त्रिंबकराव खाली बघत बसले आणि पायाचा अंगठा नुसता वळवळत राहिला. मग म्हणाले, मला काय धाड भरलीय? महिन्याभरात दिंद्रुडच्या एका पोरीच्या सोयरिकीची गोष्ट घरात निघाली. माझ्या आधी तू गेलीस तशी आता मी जाणार, हे मला दिसायला लागलं. दिवसा काम सुचेना. तुझं कसं झालं असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. त्याआधी कधी आला नव्हता, हेही कबूल करते.

आता मुद्द्याचं. भुरी दरवेळी शेजारच्या कडब्याच्या गंजीत जाऊन व्यायची. यंदा ती गिरणीमागच्या खोलीत, त्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत व्याली. तुला पेटी आठवत असेल. कुलूप पुढून घट्ट, किल्ली त्रिंबकरावांच्या करदोट्याला. पण मागची बिजागरी गंजून पत्रा उचकटलेला, तिथून ही आत शिरली. पिल्लांचा आवाज आला म्हणून मी डोकावले, तर तिचं शेपूट बाटली घासायच्या ब्रशासारखं फुललेलं. आणि तिच्या खाली मोरपंखी लुगडं, माझं नाही, सासूबाईंचं नाही, म्हणजे तुझंच. माझ्या अंगाची आग आग झाली. बायको सोडली आणि लुगडं कुलपात जपलं! संध्याकाळी त्रिंबकरावांना म्हटलं, तुमच्या पेटीत भुरी व्याली. माणूस पांढराफटक पडला. जेवण अर्धं टाकून उठले, पिल्लं गोणपाटावर काढून ठेवली आणि पत्र्यावर जात्याचा जुना दगड टेकवला. मला वाटलं, तुझ्यावरचा जीव असा उफाळून आला. पोटाखाली शेपूट गेलं तर काय समजायचं, हे मला तोंडपाठ होतं, पण माणसाच्या बाबतीत काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पट्टा आणायला बीडला गेले. मी दगड सरकवला आणि ते लुगडं चुलीत घालायचं म्हणून ओढून काढलं. घडीतून एक कागद पडला. दवाखान्याचा. नाव त्रिंबकचं. आता 'राव' लावायला जीभ वळत नाही, लावणार नाही. तारीख तुझ्या काडीमोडीच्या सात महिने आधीची. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण 'निल' म्हणजे काय, हे बारावीपर्यंत शिकलेल्या बाईला कळतं. तरी बीडच्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि सांगितलं, या माणसाला मूल होणार नाही, कोणत्याच बाईपासून नाही. त्याला हे माहीत होतं, आक्का. तुला वांझ म्हणून पंचांसमोर उभं केलं, तेव्हा माहीत होतं. मला हळद लागली तेव्हाही. कागद का जाळला नाही, देव जाणे. भित्रं माणूस जाळायलाही भितं. मी चुलीपुढे बसून होते, लुगडं मांडीवर, आणि कळलं, तीन वर्षं ज्या प्रेमावर जळले ते प्रेम नव्हतंच, नुसती भीती कुलपात ठेवली होती. पहिल्या दिवशी भुरीला बघून फसले तशीच याला बघून फसले.

तर हे पत्र एवढ्यासाठी. सोबत तो कागद आहे, अस्सल. झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवली आहे आणि उद्या दळणाच्या बाया ओट्यावर असतानाच दगडाबाईंपुढे वाचणार आहे. दिंद्रुडच्या पोरीच्या बापालाही एक पाठवली आहे. तुझा भाऊ, भावजय, धारूरात तुला ओटी भरायला बोलवायचं टाळणारी जी कोणी असेल, त्या सगळ्यांपुढे हा कागद धर. माझं पुढं काय होईल ते होईल. बापाची मेंढरं अजून आहेत. लुगडं धुऊन पाठवतेय, मोरपंखी तुला शोभत असेल, जळते मी अजून. पिल्लांनी आईचं दूध सोडलं की त्यातलं एक मदिनाबीच्या टोपलीतून तुला येईल. भुरी मात्र देणार नाही. काल ते लुगडं वाळत घालत होते तर ती धावत आली, शेपूट उभं, मुळापासून थरथरत. लुगड्यासाठीच असणार, मला कळतं. पण लुगडं दोरीवर टाकून मी चार पावलं बाजूला सरकले, तर ती माझ्या मागं आली.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
बबिता