साखऱ्याच्या नावाचं घोंगडं

साखरा, ता. सेनगाव
९ मार्च २००५

ती. भारतभाऊस,

धाकट्या शिवहारचा नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. वहिनी आणि आपली पोर साक्षीही बऱ्या असतील. हरभरा निघाला. मेंढरांची कातरणी मागच्या आठवड्यात उरकली, काळी लोकर यंदा बरी निघाली. माय जेवते-खाते. तिचं पुढं लिहितो.

आबा गेल्यापासून आपल्यात पत्र नाही की येणं-जाणं नाही. मग आज कसं, असं वाटेल.

आपल्या गावच्या घोंगड्याला मानांकन मिळावं म्हणून आम्ही सहा घरांनी मंडळ काढलं आहे. ते मिळालं तर साखऱ्याचं नाव इथं हातानं विणलेल्या घोंगड्यालाच लावता येईल, बाहेरच्या मालाला नाही. अर्ज पार चेन्नईला जातो. हे तुमच्या कानावर आलंच असेल.

हे माझ्या डोक्यात कसं शिरलं, ते आधी सांगतो. मागच्या दसऱ्याला मी हिंगोलीत पाच घोंगडी घेऊन बसलो होतो. एका बाईंनी हात लावून बघितलं आणि ठेवून दिलं. म्हणाल्या, "हे साखऱ्याचं न्हाई. साखऱ्याचं मऊ असतं." त्यांच्या पिशवीत तुमच्या हिंगोलीच्या दुकानातलं होतं. गिरणीचा माल, कडेला चिठ्ठी शिवलेली, 'अस्सल साखरा घोंगडी'. मी पाचही उचलली आणि एसटीनं परत आलो.

फेब्रुवारीत चौकशीला हिंगोलीहून एक साहेब आले. अर्जाला जोडलेलं निवेदन मी लिहिलं होतं. गावाचं नाव लावून बाहेरचा माल कोण विकतं, असा त्यात एक मुद्दा होता. मायला निवेदन मी आधी वाचून दाखवलं होतं, पण तेवढा मुद्दा गाळून. साहेबांनी पारावर सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

त्यात एकच नाव होतं. तुमचं.

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांनी तिच्यापुढं दोन घोंगडी ठेवली, एक माझ्या मागावरचं, एक तुमच्या दुकानातून आणलेलं. पन्नास वर्षं लोकर कातलेली बाई. तिनं फरक सांगायचा आणि साहेबांनी लिहून घ्यायचा, एवढंच काम होतं. चिंचोक्याची खळ दिलेलं आपलं घोंगडं ती डोळे झाकून ओळखते, हे तुम्हाला सांगायला नको. तिनं दोन्ही मांडीवर घेतली, अंगठ्यानं चोळून बघितली. साहेबांनी विचारलं, "आजी, यातलं तुमचं कोणतं?"

"हे बी आमच्याच घरचं, ते बी आमच्याच घरचं."

त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.

जाताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, की आजींना कळलं नाही असं त्यांना वाटत नाही. पण त्या बोलल्या तेच लिहावं लागणार, आणि तसं लिहिलं तर अर्ज पुढं जायचा नाही. मीच अर्ज परत मागून घेतला.

मायला कुणी शब्दानं बोललं नाही. मला पुष्कळ बोलले. मंडळातल्या पद्माबाई एवढंच म्हणाल्या, "भावाला चोर लिवलंस ते लिवलंस, पण साक्ष द्यायला मायला काहून बसवलंस?" गावाच्या नावासाठी लिहिलं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते निम्मं खरं आहे. दसऱ्याच्या त्या दिवशी मी तुमच्या दुकानासमोरून गेलो, तेव्हा मला बघून तुम्ही आत गेलात. निवेदन लिहिताना ते माझ्या मनात होतं.

माय तेव्हापासून कातत नाही. हात दुखतात म्हणते.

काल नवा अर्ज तयार झाला. या वेळी फरक पद्माबाईंनी सांगितला, आणि चांगला सांगितला. कोण काय विकतं तो मुद्दा काढून टाकला आहे. कारागिरांची यादी मात्र घरवार द्यावी लागते. आपल्या घराचा कागद पुढं आला, तेव्हा अंगठा द्यायच्या आधी मायनं विचारलं, कुणाकुणाचं नाव लिवलं. मी म्हणालो, तुझं आणि माझं.

"भारतला माग त्याच्या बापानं शिकवला," ती म्हणाली. "त्याचं नाव आधी लिव."

दोघा-तिघांना ते पटलं नाही. जो माणूस गिरणीचा माल विकतो तो यादीत कसा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. पद्माबाई म्हणाल्या, राहू द्या. मी लिहिलं. मग मायनं अंगठा दिला.

अर्ज सोमवारी निघेल. कागदावर आता तुम्ही साखऱ्याचे कारागीर आहात. तुमच्या दुकानातल्या चिठ्ठीचं काय करायचं, ते मी सांगणार नाही. तपासणीला कुणी आलं आणि भारत सटवाजी कुठं बसतात असं विचारलं, तर मी आबांचा माग दाखवणार आहे. तो झाडून ठेवला आहे. त्यावर मी बसत नाही.

यादीत तुमच्या खालच्या ओळीत असलेला,
शिवहार