घुमटाखाली ओरडायला बंदी

११ जानेवारी
टेनिस क्लबचे संचालक फेलिक्स रोमानोविच यांनी मला ओरडायला बंदी घातली आहे, म्हणून ही वही. बर्फ वितळेपर्यंत कोर्टावर आवाज चढवायचा नाही. तीन मुलांच्या आयांनी तक्रार केली. जे ओरडावंसं वाटेल ते घरी जाऊन लिहा, रिम्मा ग्लेबोव्हना, पेन्झात कागद मिळतो, म्हणे. माझ्याकडे व्होल्गोग्रादच्या क्रीडा संस्थेची पदवी आहे. फेलिक्सकडे लाकडाच्या वखारीचा अनुभव आहे.

हरकत नाही. माझी झ्लाता आहे. चौदा वर्षांची, डावखुरी, तिच्या वयात आसपासच्या चार शहरांत तोड नाही. शाळेच्या अंगणात पोरांना बर्फाचे गोळे मारत होती, तेव्हा नेम बघून मीच उचलली. एप्रिलमध्ये मॉस्कोला कुमार गटाची राष्ट्रीय स्पर्धा. तिच्याबरोबर एकच प्रशिक्षक जाणार. तो कोण ते झ्लाताची आई आणि क्लब मार्चमध्ये ठरवतील. नुसता उपचार.

१३ जानेवारी
संकल्प पाळला. तोंडातून शब्द नाही. फक्त शिट्टी वाजवली. फेलिक्सने शिट्टी काढून घेतली.

शेजारच्या कोर्टावर मार्क. वय सत्तावीस. लहान पोरांना शिकवतो, म्हणजे हसवतो. पोरं चेंडू जाळ्यात घालतात आणि हा टाळ्या वाजवतो. अशाने खेळाडू तयार होत नाहीत, विदूषक होतात. आज मला म्हणाला, शांततेत तुम्ही छान दिसता, रिम्मा ग्लेबोव्हना. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

१९ जानेवारी
येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाची डुबकी. सूरा नदीच्या बर्फात चौकोन कापलाय आणि सगळं गाव त्यात उतरतंय. झ्लाताला मी सक्त मनाई केली होती, स्नायू आखडतात. ती मार्कच्या टोळीबरोबर गेली आणि तीनदा बुडून आली. संध्याकाळी सर्व्ह कधी नव्हे इतकी जोरदार. याचं श्रेय पाण्याला नाही. माझ्या मनाईमुळे तिच्यात ईर्षा जागी झाली. यापुढे मनाया वाढवायच्या.

२ फेब्रुवारी, सारातोव
स्पर्धा जिंकलो. तपशील असा:

निघताना झ्लाताच्या घरी रीतीप्रमाणे सगळे क्षणभर बसलो, कोणी बॅगेवर, कोणी बुटांच्या फळीवर. प्रवासाला निघण्याआधी गप्प बसायचं असतं. सगळे गप्प आहेत, ओरडायची गरजच नाही, हे पाहून मी फायनलचे डावपेच समजावले. गाडी चुकली. झ्लाताची आई इंगा औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिने मालकाची मोटार मागून आणली आणि सारातोवपर्यंत माझ्याशी बोलली नाही. एकाग्रतेसाठी उत्तम.

सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना द्यायच्या नसतात. मी सूचना दिल्या नाहीत. शाल उजव्या खांद्यावर म्हणजे बॅकहँडवर मार, डाव्यावर म्हणजे जाळ्याजवळ जा, डोक्यावर म्हणजे शुद्धीवर ये. पहिला सेट झ्लाता हरली, ४-६. तेव्हा शाल बहुतेक डोक्यावरच होती. मग पंचाने मला बाहेर काढलं. आजी, इथे ऊब कमी वाटत असेल तर कॅन्टीनमध्ये बसा, म्हणाला. आजी! पुढचे दोन सेट झ्लाताने ६-१, ६-० घेतले. शालीचा परिणाम जरा उशिरा होतो, एवढंच.

२३ फेब्रुवारी
पुरुषांचा सण. झ्लाताने मार्कला मोजे दिले. आजच्या दिवशी मुलींनी पुरुषांना मोजे द्यायचे ही रीतच आहे, त्यात काही नाही. मोज्यांवर रॅकेट विणलेली होती. विकत मिळत असतील.

फेलिक्सलाही दिले. साधे, करडे. त्यावरून काय ते समजतं. काय समजतं ते उद्या लिहीन.

२७ फेब्रुवारी
झ्लाता आठवड्यातून तीनदाच येते आहे. भूमितीची चाचणी, म्हणे. मी स्वतः शिकलेली बाई आहे, अभ्यासाला आड येणार नाही.

पण फोरहँड बदललाय. मनगट सैल, रॅकेट खालून वर. असं मी कधीच शिकवलं नाही. चेंडू रेषेवर पडून असा उसळतो की समोरची पोर मागे सरकते. कुठून आणलास हा फटका, विचारलं. सुचला, म्हणाली. म्हणजे भूमितीतून. माझी शिकवण आता स्वतःहून वाढू लागली आहे. मॉस्कोसाठी नवीन कोट शिवायला टाकला.

४ मार्च
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण बाहेर भलतंच सांगतील.

हिवाळ्यात आमच्या कोर्टांवर हवेने फुगवलेला घुमट असतो. पंखे चालू राहतात म्हणून तो उभा राहतो. आत जायला पाठोपाठ दोन दारं. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा जाते. ही पाटी दारावर मीच रंगवली आहे.

पहाटे लवकर गेले. आत दिवे. झ्लाता फोरहँड मारते आहे, पलीकडून मार्क चेंडू देतो आहे, आणि बाकावर इंगा थर्मासमधला चहा पिते आहे. भूमिती!

मी आवाज चढवला नाही. बंदी आहे. पण पंख्यांच्या घरघरीत साध्या आवाजातलं ऐकू जाईना, म्हणून दोन्ही दारं बॅगा लावून उघडी ठेवली, मधोमध उभी राहिले आणि बोलले. विश्वासघात, कृतघ्नपणा, मनगट, सगळ्यावर बोलले. मार्क दार, दार करून ओरडत होता. मला वाटलं, मला घालवतोय. म्हटलं, दार तूच बघ, पोरा! इतक्यात दिवे हलू लागले. वर रात्रीचं बर्फ साचलेलं. तिकडचं टोक हळूहळू खाली आलं, जशी बाई खुर्चीत बसते. इंगा आधी बाहेर पडली. झ्लाता नि मार्क जाळ्याखालून सरपटत आले. झ्लाता हसत होती. मला बघून थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. पण कोर्ट बंद, आणि स्पर्धा पुढच्या महिन्यात. कापड निकृष्ट होतं. फेलिक्सला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, रिम्मा ग्लेबोव्हना, कापडाला कान नव्हते हेच त्याचं नशीब.

८ मार्च
बायकांचा सण. मार्क दारात, हातात पिवळी मिमोसा. मी फुलं बादलीत घातली. पाणी होतं तिच्यात.

मग झ्लाता आली, एकटी. बूट काढले नाहीत, म्हणजे बसणार नव्हती. म्हणाली, मी तुमच्यामुळे टेनिस खेळायला लागले आणि तुमच्यामुळेच नववर्षाला सोडणार होते. आईला सांगून टाकलं होतं. मार्क म्हणाला, एक महिना पहाटे खेळून बघ, मग सोड. म्हणून खेळले. एप्रिलला मी त्याच्याबरोबर जाणार. सारातोवला तुम्हाला बाहेर काढलं, तेव्हा मला पहिल्यांदा चेंडू दिसला.

उद्धट आहे. पोरगी लाडावली आहे. पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध मात्र तिने स्वच्छ मान्य केला.

मी विचारलं, सोडणार होतीस तर मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही बोलत होतात.

१२ मार्च
सगळं सोपवायला कार्यालयात गेले. फेलिक्सने खुर्ची दिली, बसले नाही. मार्कने सगळं ताब्यात घेतलं आणि सही केली. पेन माझं होतं, परत घेतलं. दिलेल्या वस्तू:

घुमटाच्या चाव्या, दोन्ही दारांच्या.
चेंडूंची गाडी, एक चाक वाकडं.
रॅकेटच्या तारा ओढायचं यंत्र, चालू स्थितीत.
मॉस्कोच्या गाडीचं तिकीट. त्यावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक माझा, त्याला चालायचं नाही, तरी दिलं. त्याने आपलं फेब्रुवारीतच काढलं होतं.
झ्लाता, डावखुरी. उत्तम स्थितीत.