गाडीत बिघाड नाही

संग्राम,

तू अंघोळीला गेलायस तेवढ्यात लिहितेय, कारण हे तोंडावर बोलायची मला भीती वाटते. गाडीची किल्ली माझ्याजवळ आहे, शोधत बसू नकोस.

स्टिअरिंग मधूनच थरथरतं म्हणून तू चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलंस, नवे टायर घातलेस. तरी तुझी तक्रार राहिलीच. गॅरेजवाले भैया मला म्हणाले, "मॅडम, गाडी बिलकुल ठीक है." खरं वाटेना, म्हणून परवा मीच ती अजमेर रोडला नेली आणि चांगली पळवली. थरथर कुठेच नव्हती.

काल राजा पार्कच्या बाजारात मी टेलरकडून परत आले, तेव्हा तू गाडी बंद करून बसला होतास. स्टिअरिंगवरचा तुझा उजवा हात थरथरत होता. मला बघताच तू तो मांडीखाली घेतलास आणि "एसीनं गारठलो," म्हणालास. रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आज तुला एका बाईंच्या पोटाचं ऑपरेशन करायचंय. ते तुझ्या युनिटमधल्या विनयला करू दे. तुला बरं नाही, एवढंच मी त्याला कळवलंय. मेंदूच्या डॉक्टरांची सकाळचीच वेळ मिळाली आहे. कदाचित काही नसेलही.

चहा झाकून ठेवलाय. मी खाली गाडीत बसलेय, आज मी चालवेन. रागावलास तरी चालेल, पण ये.

गिरिजा