अडीच तासांचं अंतर

१२ फेब्रुवारी २०१९, मंगळवार

सकाळी बाबा गेले. आणि दुपारी त्यांना दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये ठेवून आलो! का? तर मोठा मुलगा आल्याशिवाय अग्नी नाही— गुलाबराव काकांचा हुकूम. सहा वर्षं बाबांची औषधं, आंघोळ, पथ्य सगळं मी केलं, नवा रायपूरचं ऑफिस सांभाळून. तेव्हा बुढापाऱ्यातल्या आमच्या घराचा जिना काकांना चढवत नव्हता. मी म्हटलं, मी देते अग्नी. काका म्हणाले, "तू काहून? पोट्टा जिता हाये ना!" मी गप्प बसले. त्याचाच जास्त राग येतोय.

सुशीलदादा कॅनडाच्या पार उत्तरेला, पाँड इनलेटला, शाळेत शिकवतो. फोनवर म्हणाला, "देवश्री, इथे हिमवादळ आहे. विमानं बंद."

१३ फेब्रुवारी

नकाशा काढून बसले. त्या गावाला बाहेर जायचा रस्ताच नाही. विमानाने आधी इकालुइट, तिथून पुढे. इकालुइटपर्यंत एक हजार सत्तर किलोमीटर. अडीच तास. फक्त अडीच तास! एवढ्याच अंतरावरच्या मुंबईला रेल्वेने जायला आपल्याला अख्खा दिवस लागतो, तरी माणसं जातातच की!

दादा म्हणतो, "आजही तेच." आवाजात रडणं नाही, काही नाही. काका दर तासाला विचारतात, "सुशील कुठवर आला?" मला विचारतात, जसं काही मीच विमान उडवते!

१४ फेब्रुवारी

खोटारडा!

इकालुइटच्या विमानतळाची वेबसाइट उघडली. दादाच्या गावाहून मंगळवारचं विमान वेळेवर सुटलं, इकालुइटला वेळेवर उतरलं. बुधवारचंही. कसलं वादळ! बाप इथे फ्रीजरमध्ये पडलाय आणि हा तिकडे घरात बसून थापा मारतोय. फोन उचलत नाही.

काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंग माझा निरंजन देईन अग्नी." निरंजन! ज्याला बाबांना कुठल्या कानाने ऐकू यायचं तेही माहीत नाही. मी उठले आणि ओरडले— शेजारपाजारचे गोळा झाले इतकी ओरडले. "उद्या अग्नी मी देणार. कोण अडवतो ते पाहते!"

कोणी अडवलं नाही.

१५ फेब्रुवारी

महादेवघाट. अग्नी मी दिला. अजूनही संतापलेलीच होते. घरी येऊन दादाला लिहिलं, "तू मला मेलास."

१६ फेब्रुवारी

दादाचं उत्तर आलं. विमान होतं, तो मुद्दाम बसला नाही. दिवाळीत बाबांनी त्याला फोन केला होता. म्हणाले होते— "तू आला तर अग्नी तुलेच द्यायले लावतीन. मले देवश्रीच्या हातचा पायजे. तू येऊ नको, खोटं सांग. तिले चिडू दे. चिडली का थे कोनाच्या बापाचं ऐकत नाही."