दोन पट्ट्यांच्या फायली

सोमवार, ३
नोकरी लागली एकदाची! मनोरुग्णालयाची दफ्तरखोली. खुर्ची डुगडुगते, पण खिडकी आहे. दादाचे उपचारही इथंच होतील, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. काम सोपं. फायलीच्या कडेला नुसता नंबर आणि रंगीत पट्टी असते. निळी असेल तर उदासीचं कपाट, लाल असेल तर उन्मादाचं. हेडबाईंनी बजावलं, एका फायलीला एकच पट्टी. एक माणूस दोन कपाटांत कसा मावेल? डॉक्टर म्हणे आधी पट्टी बघतात, मग माणूस. मी पोट धरून हसले.

गुरुवार, ६
परवा दादाला दाखवलं. घरी नुसता पडून असतो, इथं मात्र बाकावर टेकेना, येरझाऱ्या घालत राहिला. सिस्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.
आज काही फायलींवर दोन्ही पट्ट्या निघाल्या. कुणाचा तरी वेंधळेपणा, दुसरं काय! वरची लाल नखाने सोलली आणि फाईल निळ्यात टाकली. अशा अकरा. हेडबाई म्हणाल्या, हात चांगला चालतो तुझा.

रविवार, ९
दादा उठला! चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस, त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून ओळीने मांडले. माझ्या अक्षराला मुंग्यांचे पाय म्हणाला. मी आनंदाने रडले. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हते.

बुधवार, १२
झोपत नाही. भराभर बोलतो, आणि बोलतो काय, तर मी तुझ्या गळ्यातली धोंड. डॉक्टरांनी निळी पट्टी बघितली, उदासीच्या गोळ्या वाढवल्या. सुधारतोय म्हणाले. मला का बरं वाटत नाहीये?

शुक्रवार, १४
सोललेल्या अकरांपैकी तीन फायली परत आल्या. शिक्का: मयत. तिघांच्या शेवटच्या पानावर एकच मजकूर: रुग्ण उठला, कामाला लागला, घरचे समाधानी.
पुढे कोरं.

शनिवार, १५, सकाळ
सिस्टरना विचारलं. दोन्ही पट्ट्या त्याच लावतात. मुद्दाम. मन बुडालेलं आणि अंग धावतंय, दोन्ही एकदम — तोच सगळ्यात धोक्याचा काळ, म्हणाल्या.
दादाचा नंबर शोधला. निळ्या पट्टीशेजारी चिकट डाग. माझ्या नखाचा ओरखडा.

दुपार
डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा. घरी फोन — उचलत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, काळजी नको, आज फार खुशीत होता, सगळ्यांचा निरोप घेऊन —

घर. दार सताड उघडं. दादा नाही. हाका मारल्या —
डब्यांवर चिठ्ठ्या. त्याचं अक्षर. तांदूळ. साखर. हे आधी संपव. शेवटच्या डब्यावर मोठी चिठ्ठी. इथे उतरवून ठेवते —
‘छोटे, यात तुझी काहीच चू