तुझी शेव मी खाल्ली नाही

प्रिय माय,

आज मी क्लासात बोललो. खरंच! तोंडाने, सगळ्यांसमोर! तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहितोय.

आठवतं? दर रविवारी तू विहारात कॉम्प्युटर शिकायला जायचीस, मी बाहेर चपलांपाशी बसून दारातून बघायचो. तू हाक मारायचीस, "ये ना रे मुक्या आत!" मी कशाला येतो! नववीत वर्गात बोललो अन् सगळे हसले, म्हणून तर शाळा सोडली.

तुझं बरं होतं. लोक हसले की तू त्यांच्याहून जोरात हसायचीस. रिंगरोडच्या मार्केटात साडीची घडी चेपायचीस तशीच बटणं चेपायचीस, आणि स्क्रीनभर ममममम! शेजारच्या खुर्चीवरचे गायकवाडकाका बिघडेल म्हणून मांडीवर हात ठेवून बसायचे. त्यांना म्हणायचीस, "दाबा हो भाऊ, चावत नाही ते."

पण माय, त्या शेवेचं काय केलंस? आपले गुजराती सर म्हणाले, "मासी, हवे सेव करी दो," म्हणजे आता फाईल जपून ठेवा. आपण जळगावकडचे, आपल्याला शेवच ऐकू येणार! नावाच्या चौकोनात तू लिहिलंस, शेव. पुढच्या रविवारीही शेव. कॉम्प्युटर विचारायचा, या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू? तू खुशाल 'हो' दाबायचीस.

"अरे मासी, जूनी तो गई!"

"जाऊ द्या ना सर. आधीची खाल्ली, आता ताजी!"

म्हणून तुझी एकच शेव उरली. त्यात तुझं नाव, लाल अक्षरात, एक काना जास्त. क्लास तरी पुरा करायचास! एवढी कसली घाई होती गं?

आज सरांनी मला चपलांपासून ओढून आणून तुझ्या खुर्चीवर बसवलं. मी माझं नाव लिहिलं. "सेव करो." तुझं बघून बघून हाताने लिहिलं, शेव. अन् आला तो प्रश्न! 'हो' दाबलं असतं तर तू दुसऱ्यांदा गेली असतीस. 'नाही' दाबून पुढे काय, ते ठाऊक नाही. सगळे बघतायत.

मग ओरडलोच, "सर! दुसरं नाव कसं द्यायचं?"

सगळे हसले. मीपण हसलो, तुझ्याएवढा जोरात. गायकवाडकाकांनी मांडीवरचा हात उचलला, "मलापण दाखवा हो सर."

माझ्या फाईलचं नाव भाजी. आता तिथं शेव आहे, शेजारी भाजी आहे.

पुढच्या रविवारी मी आतच बसेन. अडलं की विचारेन, हसू देत. आणि तुझी शेव कुणाला खाऊ देणार नाही, मलासुद्धा.

तुझाच,
मुक्या (हे नाव आता बदलावं लागेल)