शुभांगीच्या कणांचे टाके

ती. थोरल्या जाऊबाई अक्कांना
जर्मनीहून धाकट्या उमाचा शरणार्थ.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. इथं ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी होते. लेक प्रयोगशाळेत कामावर गेली की बोलायला कुणी नसतं, मग तिचीच पुस्तकं वाचत बसते.

तिचं काम तुम्ही विचारलं होतं. पॉलिमर म्हणजे साखळीसारखे लांब धागे. ते पाण्यात आपोआप गोळा होऊन बारीक कण बनतात आणि आपल्या पोटात कॅन्सरवरचं औषध धरतात. पण रक्तात गेल्यावर ते सुटतात, औषध वाटेतच सांडतं. म्हणून ती रसायनानं त्यांना आतून टाके घालते. मागच्या खेपेला कणच एकमेकांना शिवले गेले, सगळ्याचा गोळा झाला. मी म्हणाले, "वाकळीसंगं लुगडंबी शिवलंस की गं!" ती हसली नाही.

काल विचारलं, "हे तुझ्या बाबांना मिळालं असतं तर?"

"आई, हे अजून कुणालाच देत नाहीत. कण टिकतात का, तेच बघतेय," म्हणाली आणि ताटावरून उठली.

अक्का, सोमवारचं परतीचं तिकीट मी रद्द करायला लावलं. तिला जेवायला बसवणारं कुणीतरी पाहिजे. जीव मात्र गावी माकणीतच आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमचा रुद्रेश दवाखान्यात नेतो का?

ह्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला मी नसेन. शेतातल्या समाधीवर माझ्या वाटचा बेल तुम्हीच वाहा. उमा लेकीजवळ आहे, एवढं त्यांना सांगा.

तुमची,
उमा